बांगड्याच्या रंगाचं लोणी

एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. परिचर म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, सरांनी मागितलं की हातात द्यायचं आणि पोरांनी सांडलं की पुसायचं. प्रयोग करायचे ते सरांनी आणि मुलांनी. एवढ्या वर्षांत एकदाही मला कुणी म्हटलं नाही, की बाई, आज तुम्ही करून दाखवा. मी दाराशी फडक्याला हात पुसत उभी राहायची आणि सगळं बघायची. आम्ल कशाला म्हणतात, अल्क कशाला, कोण कुणाचा रंग कसा पालटतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल अशी माझी समजूत होती. ती किती पोकळ होती ते निवृत्तीनंतर एका रविवारी आमच्या मागच्या पडवीत कळलं. आणि त्याच रविवारी, त्याच टोपात, मला जन्मात झाला नव्हता एवढा आनंदही झाला.

आमचं घर मालवणात, बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. लग्न मी केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे सगळे विचारून दमले, त्यामुळे आता बरं चाललंय. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला होता. यंदा मे महिन्यात नोकरी सोडून तो बायको-मुलीसह परत आला आणि पुढच्या अंगणात पत्रे घालून त्याने पर्यटकांसाठी खानावळ काढली. भावजय मूळची पुण्याची, पण आठ दिवसांत सुरमई कापायला शिकली आणि महिन्याभरात कोळणीशी घासाघीस करायला लागली. तिचं मला कौतुकच वाटलं. राहता राहिली त्यांची नऊ वर्षांची मुलगी.

तिच्याकडे एक निळी चाकांची बॅग होती. ती तिने उघडली, पण रिकामी केली नाही. रोज त्यातून कपडे काढायची, धुऊन वाळले की घडी करून परत त्यातच ठेवायची. कपाटात जागा करून देते म्हटलं तर म्हणायची, “नको आत्या, असू दे.” एकदा मी केर काढताना ती बॅग सरकवली तर झाकण उघडलं. तळाशी पुण्याच्या शाळेचा गणवेश होता, पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट, इस्त्री केलेला. मी विचारलं, “ह्यो कित्याक हाडलंस?” ती म्हणाली, “लागेल ना परत.” मी केर काढत राहिले.

इथल्या शाळेत ती रमत नव्हती. मुली वाईट नव्हत्या, पण त्या आपसात मालवणीत बोलायच्या आणि ही पुण्याची शुद्ध भाषा बोलायची, त्यामुळे ही बोलली की सगळ्या गप्प होऊन हिच्या तोंडाकडे बघायच्या. शेवटी भाऊ-भावजयीने ठरवलं, की दिवाळीनंतर हिला पुण्याला मामाकडे ठेवू, जुन्या शाळेत घालू. मामाने तिथे बोलणंही करून ठेवलं होतं. फक्त जायचं की राहायचं हे पोरीनेच सांगावं, असं भावजयीचं म्हणणं. मामा सोमवारी संध्याकाळी फोन करणार होता, तेव्हा ती सांगणार होती. आणि ती काय सांगणार हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

मला ती जायला नको होती. उगाच आडून आडून कशाला लिहू? ती यायच्या आधी मी संध्याकाळी सहाला टीव्ही लावायचे आणि झोपताना बंद करायचे, मध्ये काय लागलं होतं ते विचारलं तर सांगता यायचं नाही. ती आल्यापासून टीव्हीवर धूळ बसली होती. पण मी आत्या. आईबापांनी ठरवल्यावर आत्याने मध्ये तोंड घालायचं नसतं, म्हणून मी गप्प होते. गप्प बसणं मला अजिबात जमत नाही, त्यामुळे त्या दिवसांत मी भांडी फार जोरात घासत होते.

त्या शनिवारी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आत्या, तुझ्याकडे बोरॅक्स आहे का?”

एकतीस वर्षांत मला एवढा गोड प्रश्न कुणी विचारला नव्हता. “कित्याक होयो?” मी विचारलं, आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

मधल्या सुट्टीत एका मुलीने तिला विचारलं होतं, “तुका काय येता गो?” म्हणजे कुणाला खेकडे पकडता येतात, कुणाला माडाच्या झावळाचा झाडू करता येतो, तसं तुला काय येतं? हिला काहीच सुचेना. मग ही म्हणाली, मला बटर स्लाइम करता येतं. स्लाइम म्हणजे हाताने ताणायचा, चेपायचा, बुळबुळीत गोळा. मोबाईलवर त्याचे ढिगांनी व्हिडिओ असतात, तासन्‌तास नुसते गोळे चेपत बसतात बायका. त्यातलं बटर स्लाइम म्हणजे लोण्यासारखं मऊ, इतकं की सुरीने पावावर पसरवता येतं. वर्गातल्या मुलींनी ते बघितलं होतं, पण हातात कधी आलं नव्हतं. सगळ्या एकदम म्हणाल्या, “मगे सोमवारी हाडून दाखय!” अकरा मुली. अकराजणींना एकेक गोळा.

“बरा मगे, करूया,” मी म्हटलं.

“पण आत्या, मी ते कधी केलंच नाहीये. पुण्यात आम्ही विकत आणायचो.” तिचा आवाज बारीक झाला. “सोमवारी नाही नेलं तर त्या म्हणतील मी थापा मारते.”

आता बघा, म्हटलं तर पोरीची थाप. पण मला त्या क्षणी दिसलं ते वेगळंच. सोमवारी ही अकरा गोळे घेऊन गेली तर संध्याकाळी मामाला एक उत्तर जाईल, आणि रिकाम्या हाताने गेली तर दुसरं. माझ्या अंगात वारंच शिरलं. मी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं आणि पायात चपला घातल्या.

बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. सोनाराकडे तो असतोच, दागिन्याला डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, लागतो. आमच्या बाजारातला म्हातारा सोनार मला लहानपणापासून ओळखतो. “आता म्हातारपणी दागिने घडवतंस की काय गो?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “भाचयेक घडवतंय.” त्याला काही कळलं नाही, पण त्याने पुडी बांधून दिली. मला तरी कुठे कळलं होतं मी काय बोलले ते.

पांढरा गोंद घरातच निघाला. खानावळीची टेबलं करताना सुताराने आणलेल्या गोंदाची अर्धी बरणी शिल्लक होती. व्हिडिओतल्या बाईने मक्याचं पीठ सांगितलं होतं. आमच्याकडे तवकीर होती, उपासाच्या खिरीची. तीही पांढरीशुभ्र, रेशमासारखी, बोटात धरली की करकरते. दाढीचा फेस भावाचा घेतला. त्याला विचारलं नाही. तो रविवारी अर्धी दाढी करून आरशासमोर डबी हलवत उभा होता, हे मला मागाहून कळलं.

रविवारी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. सीझन सुरू झालेला, गाड्या भरभरून माणसं आलेली, भाऊ तळतोय, भावजय वाढतेय. आम्ही दोघी मागच्या पडवीत. मी जुना टोप मांडला, भावजयीचे मासे साफ करायचे रबरी हातमोजे धुऊन दोघींना घातले. पोरीच्या हातात ते कोपरापर्यंत आले. टाकणखाराचं पाणी मी माझ्याच हाताशी ठेवलं. “ह्याका तू हात लावचो नाय. तोंडात नाय, डोळ्यात नाय. हयसर मी सर आसंय,” असं मी तिला बजावलं. असं म्हणताना काय बरं वाटलं म्हणून सांगू!

गोंद ओतला. फेस घातला. तवकीर चाळून घातली. मग मी चमच्याने टाकणखाराचं कोमट पाणी थेंब थेंब सोडायला लागले आणि ती लाकडी उलथण्याने ढवळायला लागली. आधी काहीच होईना. ती माझ्याकडे बघतेय, मी टोपाकडे. आणि मग एकदम ते कडेपासून सुटायला लागलं. गोळा झाला! टोप सोडून उलथण्याभोवती गोळा झाला, पांढरा, गुबगुबीत. ती किंचाळली, मी तिच्यापेक्षा मोठ्याने किंचाळले. पुढून भावाचा आवाज आला, “काय झाला? खंय लागला काय?”

आता रंग. तिला गुलाबी हवा होता. “आत्या, खायचा रंग आहे का?”

इथे माझी अक्कल पाजळली. “रंग इकत कित्याक हाडूचो? घरात सोलां आसत मां!”

सोलं म्हणजे कोकमं, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली. आमच्याकडे कुठल्याही गोष्टीला लाल रंग हवा असला की हात आपोआप सोलांच्या बरणीकडे जातो. सोलकढीचा तो गुलाबी रंग कुठून येतो, बाजारातून? मी मूठभर सोलं गरम पाण्यात भिजवली, कुस्करली आणि वाटीभर लालभडक कोळ काढला. पहिला चमचा गोळ्यावर घातला.

गोळा काळपट निळा झाला.

“अगं, हे काय!” ती ओरडली. मी म्हटलं, रंग कमी पडला असेल. दुसरा चमचा. तिसरा. मग सगळी वाटीच ओतली. आणि काय सांगू, झाला की गुलाबी! अगदी सोलकढीचा गुलाबी. आम्ही दोघींनी ते मोठे रबरी हात एकमेकींच्या हातांवर आपटले. आणि टोपात बघितलं तर गोळाच नव्हता. होती ती गुलाबी पेज. उलथणं उचललं तर भात नसलेल्या पेजेसारखं सगळं खाली ओघळलं. मी टाकणखाराचे दोन चमचे घातले, काही नाही. चार घातले, काही नाही. गोंदाची बरणी रिकामी. बाहेर रविवार, हार्डवेअरच्या दुकानाची फळी लागलेली.

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने हातमोजे काढले, नीट एकावर एक ठेवले आणि म्हणाली, “राहू दे आत्या. मी उद्या शाळेत जात नाही. आणि मामाच्या फोनची उद्या संध्याकाळपर्यंत वाट कशाला, आपणच आत्ता करूया.” आणि ती आत गेली. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

मी स्वतःला ज्या मालवणी शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही, छापायच्या लायकीच्या नाहीत. राग पोरीचा नव्हता, माझा मला आला होता. सर आसंय म्हणे! मोठी सर! एक गोळा धड करता आला नाही. हातमोज्यात कोळ शिरून माझी बोटं गुलाबी झाली होती. ती धुवायला मी मोरीवर गेले आणि कपड्याच्या साबणाची वडी चोळली.

बोटं निळसर काळी झाली.

मी तशीच थांबले. नळ वाहत होता. साबण लावल्यावर गुलाबी रंग निळा झाला होता, टाकणखारावर कोकम पडलं तेव्हा झाला होता तसाच. साबण म्हणजे अल्क. टाकणखार म्हणजे अल्क. आणि कोकम? कोकम आंबट! बाई, कोकम आम्ल! एकतीस वर्षं जे दारात उभं राहून बघितलं ते माझ्या स्वतःच्या टोपात झालं आणि मी टाळ्या वाजवत बसले होते! आंबटाने टाकणखाराचा जोर मारला, म्हणून गोळा सुटला. मग तो आंबटपणाच मारला तर?

“चेडवा! भायर ये! आत्ताच्या आत्ता भायर ये!” असं ओरडतच मी स्वयंपाकघरात घुसले.

“ताई, गिऱ्हाइकां आसत, काय होया?” भावाच्या हातात झारा, एका गालावर दाढी.

“खायचो सोडो दी. भाषण नको.”

सोड्याचा डबा घेऊन मी पडवीत पळाले. साठीची बाई पळते कशी हे बघायला मांजरसुद्धा बाजूला झालं. पोरगी दारात येऊन उभी होती, हातात घडी केलेला फ्रॉक. मी तिला काही समजावलं नाही. एक चमचा सोडा भरला आणि टोपात टाकला.

फस्स!

सगळा टोप उकळी आल्यासारखा फसफसून वर आला. गुलाबी फेस काठावरून ओघळून फरशीवर आला, माझ्या पायावर आला. तिने फ्रॉक टाकला आणि धावत आली. “आत्या, आणखी! आणखी घाल!” मी आणखी घातला. परत फस्स! आणि फेसाखाली रंग पालटत होता, गुलाबीचा जांभळा, जांभळ्याचा निळा, आमच्या डोळ्यांदेखत. “बघ, आंबट मरता हा, आंबट मरता!” मी ओरडत होते. फेस यायचा थांबला तेव्हा मी टाकणखाराचं पाणी घातलं, एक चमचा, दोन चमचे. ती उलथण्याने ढवळतेय, जीभ दातांत धरून. आणि ते आलं! परत आलं! उलथण्याला धरून गोळा झाला, पहिल्यापेक्षा फुगीर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सोड्याने आलं असं मी तिला सांगितलं.

पण उत्साहात टाकणखार जास्त झाला होता. गोळा घट्ट, ताणला की तटकन तुटणारा. “हे बटर नाही, हा टायर आहे,” ती म्हणाली. व्हिडिओतली बाई अशा वेळी अंगाला लावायचं क्रीम घालायची. आमच्या घरात तसलं क्रीम नाही. माझ्याकडे असतं ते मुठेल.

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. गार झालं की ते मेणासारखं घट्ट होतं आणि मुठीत दाबून त्याचे गोळे करून ठेवतात. माझी मावशी धामापूरची, तिच्याकडून दर वर्षी दोन गोळे येतात. पायांच्या भेगांना त्यासारखं दुसरं काही नाही. मी गोळा आणला आणि हातमोजे काढून दोन्ही तळव्यांवर चोळला. तळव्यांच्या उबेने ते वितळायला लागलं.

“ते तू पायाला लावतेस ना?” तिने नाक मुरडलं.

“मगे काय झाला? लोणी पायाक लावला तरी लोणीच. दी हात हयसर.”

तिच्याही तळव्यांना लावलं आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून तो गोळा मळायला लागलो. तिने ओढायचं, मी ओढायचं, मधे घडी घालायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हळूहळू तुटणं थांबलं. मग चकाकी गेली. मग तो असा काही मऊ झाला, की बोट दाबलं की बोटाचा ठसा तसाच राहायचा आणि ओढला की न तुटता लांबच लांब यायचा. ज्या कोकमाने घात केला त्याच्याच बीने हात दिला. मग ती उठली, स्वयंपाकघरातून एक शिळा पाव आणि बोथट सुरी घेऊन आली. सुरीवर थोडं घेतलं आणि पावावर फिरवलं.

पसरलं. अगदी या काठापासून त्या काठापर्यंत, गुळगुळीत पसरलं.

आम्ही दोघी जे नाचलो त्याचं वर्णन मी करत नाही, या वयात ते शोभत नाही. भाऊ झारा घेऊन बघायला आला, भावजय आली, जेवणाऱ्यांपैकी एक बाईसुद्धा मागे डोकावून गेली. फक्त एक झालं होतं. रंग गुलाबी नव्हता. निळसर, राखाडी, उन्हात धरला तर किंचित हिरवट.

“हा कसला रंग आहे?” तिने विचारलं.

“बांगड्याच्या पाठीचो,” मी म्हटलं. खरंच तसाच होता. तिने थोडं वाईट तोंड केलं, पण गोळा हातातून सोडला नाही.

पार्सलची सोलकढी द्यायच्या झाकणाच्या डब्या भावाकडे होत्या. अकरा डब्या भरल्या. केळीच्या पानात गुंडाळूया, लोण्यासारखं दिसेल, असा तिचा हट्ट होता. मी म्हटलं, मग कोणीतरी खाईल. प्रत्येक डबीवर मी चिठ्ठी डकवली, प्रयोगशाळेतल्या माझ्या अक्षरात: ‘खाऊ नये. हात धुवावेत.’ पहिल्या डबीवर विषाच्या बाटलीवर काढतात तशी कवटी काढायला घेतली तर तिने माझा हात धरला. “आत्या, प्लीज.”

सोमवारी ती डब्या घेऊन गेली. मी सकाळपासून दोनदा डाळ करपवली. तिसऱ्यांदा भावजयीने केली, तर ती खारट झाली, तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता. रंग बघून मुली हसतील, असं मला वाटत होतं. चार वाजले, साडेचार वाजले. पाच वाजता फाटक वाजलं. मी पडवीतून बघितलं तर ती एकटी नव्हती. मागे तीन मुली होत्या, तिघींच्याही हातात डब्या.

“आते,” त्यातली एक थेट मला म्हणाली, “ता फेसाळता ता आमका बघूचा आसा. ह्या सांगी होता तसा.”

म्हणजे हिने सगळंच सांगितलं होतं. आधी कधी केलं नव्हतं हे, पेज झाली हे, मी साबण चोळला हे, आणि टोपातून फेस उतू गेला हेसुद्धा. लोण्यावर त्या खूश होत्याच. ‘बांगड्याचा लोणी’ असं त्याचं नाव वर्गात पडलं होतं आणि एका मुलीने ते डबीवर लिहूनही घेतलं होतं. पण त्यांना आता हवा होता तो फेस.

“बाई, तुम्ही करून दाखवा,” दुसरी शाळेतल्यासारखी शुद्ध बोलली.

मी पदर खोचला.

सोलं भिजवली, सोडा काढला, टोप मांडला. गोंद मी सकाळीच दुकान उघडल्या उघडल्या आणून ठेवला होता, का ते मला विचारू नका. चौघी टोपाभोवती उकिडव्या बसल्या. मी एकेक टप्पा सांगत गेले, पोरगी माझ्या शेजारी उलथणं घेऊन. “आता बघा हां, आता आंबट घालते आत्या, आता ते सुटणार!” ती त्यांना सांगत होती. सुटलं. मग सोडा. फस्स! तिघी मागे उडाल्या आणि लगेच पुढे झुकल्या. चौघींचे हात कोपरापर्यंत त्या निळ्या चिकट्यात बुडाले, मी हातमोज्यांचं म्हणेपर्यंत.

तेवढ्यात भावजय मागच्या दारात आली. तिच्या हातात मोबाईल होता आणि तो वाजत होता. मामा.

पोरीने एकदा फोनकडे बघितलं, एकदा आपल्या हातांकडे. निळं, चिकट, कोपरावरून गळतंय. “थांब आई, हात पुसते,” ती म्हणाली आणि आत धावली. आतून बॅगेच्या चेनचा आवाज आला.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात पांढरा शर्ट होता. पुण्याच्या शाळेचा, खिशावर बिल्ल्याची जागा असलेला. इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. ती तिने झटकून मोडली, दोन्ही हात खसाखसा पुसले आणि तो शर्ट मुलींच्या अंगावर टाकला. “घेवा गो, पुसा,” ती म्हणाली, अर्धं त्यांचं अर्धं आपलं. चौघींचे हात त्यात गोल गोल फिरले.

फोन वाजतच होता. भावजय शर्टाकडे बघत राहिली. मग ती फोन कानाला लावत आत गेली, आणि दार तिने हळूच ओढून घेतलं.

मुली गेल्यावर मी फरशी धुतली. शर्ट मोरीवर पडला होता, चिकटा वाळून बाह्या एकमेकींना डकल्या होत्या. साबणाने तो डाग जात नाही. सोलांच्या पाण्यात तासभर घातला असता तर सगळा सुटून आला असता, हे मला पक्कं माहीत होतं. बरणी हाताशीच होती. मी काही ती उघडायला गेले नाही.